शब्दसूर आणि चाल : हाका लोकगीतांच्या समीक्षेतील एक प्रश्न

प्रास्ताविक

लोकसाहित्य म्हणजे मौखिक परंपरेने जतन झालेले साहित्य, ही व्याख्या लोकसाहित्याचे अध्यापन करणाऱ्या प्रत्येकास परिचित आहे. मात्र प्रत्यक्ष समीक्षा करताना या व्याख्येतील ‘मौखिक’ या विशेषणाकडे आपण पुरेशा गांभीर्याने पाहतोच असे नाही. गीत छापील संहितेच्या रूपाने हाती येते. त्यातील आशय, प्रतिमा, यमके आणि लोकजीवनाचे दर्शन यांची चर्चा होते आणि चालीचा विचार ‘गेयता’ या एका शब्दात आटोपतो. मराठीसारख्या भाषेत ही उणीव काही अंशी खपून जाते. परंतु ज्या भाषेत उच्चाराचा सूर बदलताच शब्दाचा अर्थ बदलतो, अशा भाषेतील लोकगीतासंबंधी एक मूलभूत प्रश्न उभा राहतो. तेथे शब्दाला स्वतःचा सूर आहे आणि गीताच्या चालीलाही स्वतःचा सूर आहे. गाताना या दोहोंपैकी कोणी कोणाचे ऐकावयाचे?

प्रस्तुत लेखात हा प्रश्न हाका समाजाच्या पारंपरिक लोकगीतांच्या आधारे तपासावयाचा आहे. ‘हाका’ हा शब्द आपल्याकडे उपाहारगृहांतील नूडल्समुळे घरोघरी पोहोचला. तथापि हे एका समाजाचे आणि त्याच्या भाषेचे नाव आहे, याची जाणीव क्वचितच असते. कोलकात्याच्या टांगरा भागात कातडी कमावण्याचा व्यवसाय उभा करणारा चिनी समाज प्रामुख्याने हाकाच होता. त्यातील अनेक कुटुंबे पुढे कॅनडातील टोरांटो येथे स्थलांतरित झाली. म्हणजे हा विषय भौगोलिकदृष्ट्या दूरचा असला तरी भारतीय अभ्यासकास सर्वस्वी परका नाही. विवेचनाच्या सोयीसाठी येथे मुख्यतः तैवानमधील सिश्येन बोलीतील गीतपरंपरा आधारभूत मानली आहे.

१. हाका समाज आणि सान-को

‘हाका’ या शब्दाचा अर्थ ‘पाहुणी कुटुंबे’ असा होतो. चीनच्या क्वांगतुंग प्रांतातील मेइचौ, फूच्येन प्रांताचा पश्चिम भाग आणि च्यांगशी प्रांताचा दक्षिण भाग हा डोंगराळ पट्टा या समाजाची मुख्य भूमी होय. लो श्यांगलिन (१९०६–१९७८) यांनी १९३३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात उत्तरेकडून दक्षिणेकडे झालेल्या पाच स्थलांतरांची मांडणी करून हाका अभ्यासाचा पाया घातला. त्यांच्या काही निष्कर्षांवर पुढील संशोधकांनी आक्षेपही घेतले. तैवानमध्ये ताओयुआन, शिनचू आणि म्याओली या उत्तरेकडील भागांत, तसेच दक्षिणेकडील लिउतुई प्रदेशात हाका वस्ती आहे.

या समाजाच्या डोंगरगाण्यांना हाका भाषेत ‘सान-को’ म्हणतात. ‘सान’ म्हणजे डोंगर आणि ‘को’ म्हणजे गाणे. चार ओळी, प्रत्येक ओळीत सात अक्षरे, पहिली, दुसरी व चौथी ओळ सयमक, असा याचा सर्वसाधारण बांधा असतो. चहाच्या मळ्यात, रानात लाकूडफाटा गोळा करताना, एका उतारावरून दुसऱ्या उतारावरील व्यक्तीस उद्देशून ही गाणी गायिली जात. सवाल-जबाबाच्या स्वरूपात जागच्या जागी शब्द रचून उत्तर देणे हे या प्रकाराचे वैशिष्ट्य होय. ही परिस्थिती पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. समोरच्याचे शब्द नीट कळल्याशिवाय त्यास उत्तर देता येत नाही. म्हणजे येथे अर्थबोध ही गीताची पूर्वअट ठरते.

२. शब्दसूराचे स्वरूप

भाषाविज्ञानात ज्यास शब्दाचा अर्थभेदक सूर मानले जाते, त्यास येथे ‘शब्दसूर’ अशी संज्ञा योजली आहे. भारतीय भाषांत पंजाबीचे उदाहरण सर्वज्ञात आहे. लेखनात ‘घ’ने सुरू होणारा ‘घोडा’ हा शब्द पंजाबीत ‘क’सारखा, पण खालच्या सुरात उच्चारला जातो, तेच उच्चारण सरळ सुरात केल्यास ‘चाबूक’ आणि उंच सुरात केल्यास ‘कुष्ठरोगी’ असा अर्थ होतो. हाका भाषेत हे तत्त्व प्रत्येक अक्षरास लागू आहे.

शब्दसूर नोंदविण्यासाठी भाषाशास्त्रज्ञ चाओ युएनरेन (१८९२–१९८२) यांनी १९३० मध्ये एक पद्धती मांडली. बोलणाऱ्याच्या आवाजाच्या स्वाभाविक टप्प्याच्या पाच पायऱ्या कल्पावयाच्या, सर्वांत खालची १ आणि सर्वांत वरची ५. या पद्धतीने सिश्येन बोलीत सहा शब्दसूर आढळतात : खालून वर चढणारा २४, सपाट खालचा ११, उतरता ३१, सपाट उंच ५५, आणि प्, त्, क् यांसारख्या स्पर्शवर्णांनी तुटणाऱ्या अक्षरांचे दोन आखूड सूर, एक खालचा व एक उंच. ‘सि’ या एका अक्षराचे उदाहरण घेऊ. (यातील स्वर मराठी इ-काराहून जिभेच्या मागील बाजूस उच्चारला जातो.) हे अक्षर २४ या सुरात ‘कविता’, ११ मध्ये ‘काळ’, ३१ मध्ये ‘इतिहास’ आणि ५५ मध्ये ‘बाब, घटना’ असा अर्थ देते. चालीने सूर फिरविला तर कवितेचा इतिहास होण्यास वेळ लागत नाही.

यात आणखी एक गुंतागुंत आहे. दोन अक्षरे शेजारी आली की शब्दसूर बदलतो. आपल्याकडील संधीसारखाच हा प्रकार असून तो वर्णांऐवजी सुरांत घडतो. ‘सान’ आणि ‘को’ ही दोन्ही अक्षरे सुटी उच्चारल्यास २४ या चढत्या सुरात येतात. परंतु ‘सान-को’ या जोडशब्दात पहिले अक्षर ११ या खालच्या सुरावर उतरते. या गीतप्रकाराचे नावच अशा रीतीने सूरसंधीचे उदाहरण आहे.

३. तीन स्वरांची चाल

तैवानमधील हाका गीतपरंपरेत ‘लाओ शानगे’ (जुने डोंगरगाणे), ‘शानगे-त्झ’ आणि ‘फिंगबान’ या तीन प्रमुख चाली मानल्या जातात. यांखेरीज ‘श्याओत्याओ’ या नावाने ओळखली जाणारी, ठरावीक चालीची अनेक गाणी आहेत. ‘नऊ ढंग, अठरा चाली’ अशा अर्थाची एक पारंपरिक उक्ती या समग्र भांडाराबद्दल वापरली जाते. तीतील आकडे मोजदाद म्हणून न घेता विपुलतेचे निदर्शक म्हणून घेणे इष्ट.

यांपैकी ‘लाओ शानगे’ सर्वांत जुनी, संथ आणि मुक्त लयीची. तिची उभारणी केवळ तीन स्वरांवर आहे. पाश्चात्त्य स्वरनामांत ते ‘ला, दो, मी’ होत. ‘ला’ला षड्ज मानल्यास आपल्या परिभाषेत ते सा, कोमल ग आणि प होतात. ‘फिंगबान’ची चाल पाच स्वरांत फिरते, ‘दो’ला षड्ज मानल्यास ते भूप रागाचे स्वर ठरतात. ही चाल चहातोडणीच्या गाण्यांतून व त्यांवर आधारलेल्या रंगमंचीय परंपरेतून घडली.

आता चाओ यांच्या पाच पायऱ्यांवर ‘लाओ शानगे’चे तीन स्वर ठेवून पाहू. पायरी १ च्या जागी सा, ३ च्या जागी कोमल ग आणि ५ च्या जागी प. मग ११ या सुराच्या अक्षरास सा, ५५ च्या अक्षरास प, ३१ च्या अक्षरास कोमल ग वरून सा वर येणारी उतरण आणि २४ च्या अक्षरास वर जाणारी मींड, असे वाटप सहजच सुचते. ही जुळणी यांत्रिक नियम म्हणून घ्यावयाची नाही. परंतु तीनच स्वरांच्या चालीत सहा शब्दसूर कसे सामावू शकतात, याचे उत्तर तीत मिळते. स्वर कमी असल्याने त्यांतील अंतरे मोठी आहेत, आणि अंतरे मोठी असल्याने उंच-सखल भेद डोंगरापलीकडेही ओळखू येतो. स्वरांची ही काटकसर दारिद्र्याची खूण मानण्याचे कारण नाही.

चिनी गायनपरंपरेत ‘शब्दाच्या मागून चाल चालवावी’ अशा आशयाचे एक तत्त्व आहे. सान-कोच्या गायकाजवळ चालीचा ठरलेला सांगाडा असतो. शब्द बदलले की त्या सांगाड्यातील तपशील तो बदलतो. त्यामुळे एकाच चालीत गायिलेल्या दोन गीतांचे स्वरलेखन शेजारी ठेवल्यास ते तंतोतंत जुळत नाही. हा फरक गायकाच्या लहरीचा नसून भाषेच्या मागणीचा असतो.

४. श्लेष आणि भरीची अक्षरे

शब्दसूराचे भान साहित्यगुणाशी किती निगडित आहे, हे श्लेषाच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. प्रेमगीतांत ‘रेशीम’ या शब्दातून ‘आठवण, ओढ’ सुचविणे आणि ‘कमळ’ या शब्दातून ‘माया, कणव’ सुचविणे ही चिनी लोकगीतांतील जुनी रीत होय. सिश्येन बोलीत रेशीम आणि ओढ हे दोन्ही शब्द ‘सि’ २४, तर कमळ आणि कणव हे दोन्ही शब्द ‘ल्येन’ ११ असे उच्चारले जातात. म्हणजे श्लेष साधतो तो वर्ण आणि सूर हे दोन्ही जुळल्यामुळे. गायकाने ‘सि’ हे अक्षर चढत्या सुराऐवजी खालच्या सपाट स्वरावर धरले, तर ऐकणाऱ्यास रेशीमही दिसणार नाही आणि ओढही जाणवणार नाही. छापील पानावर हा श्लेष दोन वेगळ्या चिन्हांपैकी एक निवडून लिहावा लागतो. त्यामुळे तो तेथे अर्धाच उरतो.

दुसरा मुद्दा भरीच्या अक्षरांचा. सात अक्षरांच्या ओळीत गायक ‘या’, ‘लो’, ‘ओ’ यांसारखी निरर्थक अक्षरे पेरतो. संहिता छापताना ही बहुधा गाळली जातात. परंतु त्यांना कोशगत अर्थ नाही, म्हणून त्यांच्यावर अर्थभेदक सुराचे बंधनही नाही. अर्थवाही अक्षर आपल्या सुरात थोडक्यात उच्चारावयाचे आणि चालीचा लांबलचक फिरवा भरीच्या अक्षरावर घ्यावयाचा, अशी सोय त्यामुळे होते. भाषा आणि संगीत यांच्यातील वाटाघाट याच ठिकाणी होते. आपल्या जात्यावरील ओव्यांत ‘बाई’, ‘गं’ यांसारखी संबोधने जशी लयीचा तोल सांभाळतात, तशीच ही अक्षरे येथे शब्दसूराचा आणि चालीचा तोल सांभाळतात. त्यांना गाळून छापलेली संहिता वाचनीय होते, पण गीताची रचना समजण्याचे साधन ती हिरावून घेते.

५. बोलीभेदाचा पुरावा आणि त्याची मर्यादा

तैवानमध्ये सिश्येन आणि हायलू या दोन प्रमुख हाका बोली आहेत. त्यांचे वर्ण पुष्कळसे समान असले तरी शब्दसूर जणू एकमेकांच्या उलट आहेत. ‘चहा’ या अर्थाचा शब्द सिश्येनमध्ये ११, म्हणजे सर्वांत खालच्या सुरात, तर हायलूमध्ये ५५, म्हणजे सर्वांत उंच सुरात येतो. (आपला ‘चहा’ हा शब्दही मुळात याच चिनी शब्दकुळातला.) ‘डोंगर’ हा शब्द सिश्येनमध्ये २४ असा चढतो, तर हायलूमध्ये ५३ असा उतरतो, ‘पाणी’ सिश्येनमध्ये ३१ असे उतरते, तर हायलूमध्ये २४ असे चढते.

साहजिकच एका बोलीत बसलेली चाल दुसऱ्या बोलीच्या शब्दांना विरोधी ठरते. पारंपरिक सान-को तैवानमध्ये प्रायः सिश्येन बोलीत गायिले जाते. घरी हायलू बोलणारे गायकही गाताना बहुधा सिश्येनकडे वळतात. चाल आणि शब्दसूर यांच्या नात्याचा पुरावा म्हणून ही वस्तुस्थिती पुढे केली जाते आणि ती महत्त्वाची आहेच. परंतु समीक्षकाने येथे सावध राहावयास हवे. सिश्येन ही तैवानमधील हाकांची अधिक प्रचलित बोली असल्याने तिला गीताची प्रमाणबोली म्हणून मान मिळणे, हे सामाजिक कारणही या निवडीमागे संभवते. म्हणून हा पुरावा पूरक मानावा, निर्णायक मानू नये.

६. ‘चाल म्हणजे वाढविलेले बोलणे’ या मताची चिकित्सा

वरील विवेचनावरून कोणी असा निष्कर्ष काढील की सान-कोची चाल म्हणजे हाका बोलण्याचेच विस्तारित रूप होय. हे मत आकर्षक आहे. लोकगीत मातीतून उगवते या आपल्या रोमँटिक धारणेस ते अनुकूलही आहे. परंतु ते पुढील तीन कारणांमुळे पूर्णतः स्वीकारता येत नाही.

पहिले कारण असे की, शब्दसूर चाल निर्माण करीत असता तर प्रत्येक गीताची चाल वेगळी झाली असती. प्रत्यक्षात शेकडो वेगवेगळे शब्द एकाच ‘लाओ शानगे’त गायिले जातात आणि पहिल्याच आलापावरून श्रोता ती चाल ओळखतो. सांगाड्याचे अस्तित्व शब्दांपूर्वीचे आहे.

दुसरे कारण श्याओत्याओ प्रकारातील गाणी पुरवितात. यातील काही चाली अन्य प्रदेशांतून आलेल्या आणि ठरीव स्वरूपाच्या आहेत. त्यांत शब्द आणि चाल यांचा विरोध अधिक आढळतो, तरीही संदर्भावरून अर्थ लागतो. मराठीतही चालीसाठी ‘दिन’ लांबविला तर कानास ‘दीन’ ऐकू येतो. पण श्रोता गोंधळत नाही.

तिसरे कारण सैद्धांतिक आहे. सूरभाषांतील गीतांच्या अलीकडील अभ्यासात एकेका अक्षराच्या निरपेक्ष उंचीऐवजी लागोपाठच्या दोन अक्षरांमधील संक्रमणाची दिशा पाहिली जाते. शब्दसूर वर जात असताना स्वरही वर गेला तर ते अनुकूल संक्रमण. दोहोंपैकी एक स्थिर राहिला तर तटस्थ. आणि दिशा परस्परविरुद्ध असल्यास प्रतिकूल. कँटोनी लोकप्रिय गीतांच्या २००२ मधील एका सुपरिचित अभ्यासात अनुकूल संक्रमणांचे प्रमाण फार मोठे आढळले. या दृष्टीने पाहता गायकास प्रत्येक अक्षर ‘बोलल्याप्रमाणे’ गाण्याची गरज नसते. प्रतिकूल संक्रमण टाळले तरी पुरते. ‘सान-को’ हा शब्दच घेतल्यास, पहिले अक्षर संधीपूर्व चढत्या सुरात घ्यावे की संधीनंतरच्या खालच्या सुरात, हा पर्याय गायकापुढे राहतो आणि चालीच्या सोयीने तो त्याची निवड करू शकतो.

तात्पर्य, शब्दसूर चालीस जन्म देत नाही. तो तिला मर्यादा घालतो आणि त्या मर्यादेच्या आत तपशील पुरवितो. छंद आणि कविता यांच्यातील नात्याशी हे नाते मिळतेजुळते आहे.

७. संकलनाच्या दोन परंपरा

हाका गीतांच्या संकलनाचा इतिहास या नात्याच्या दृष्टीने पाहिल्यास उद्बोधक ठरतो. मेइचौ परिसरातील कवी व मुत्सद्दी ह्वांग त्सुनश्येन (१८४८–१९०५) यांनी आपल्या प्रदेशातील डोंगरगाण्यांना काव्य म्हणून प्रतिष्ठा दिली. पेकिंग विद्यापीठात १९१८ मध्ये सुरू झालेल्या लोकगीत-संकलनाच्या चळवळीने त्यास व्यापक अधिष्ठान दिले. चुंग चिंगवेन (१९०३–२००२) यांनी हाका प्रेमगीतांचा संग्रह १९२७ मध्ये प्रसिद्ध केला आणि लो श्यांगलिन यांनीही पूर्व क्वांगतुंगमधील गीते संकलित केली. या प्रयत्नांचे ऋण मोठे आहे. तथापि त्यांचे लक्ष शब्दांवर होते. चिनी लिपीत अर्थचिन्हे लिहिली जात असल्याने गीत कोणत्या बोलीत, कोणत्या सुरात गायिले गेले, याचा माग संहितेत राहत नाही.

दुसरी परंपरा संगीताभ्यासकांची. तैवानमध्ये १९६० च्या दशकात शी वेइल्यांग आणि श्यू छांगह्वेइ यांच्या पुढाकाराने लोकगीत-संकलनाची मोहीम झाली व ध्वनिमुद्रणे जमविली गेली. यांग चाओचेन यांनी हाका गीतांचे स्वरलेखन ग्रंथरूपाने उपलब्ध करून दिले. येथे चाल हाती लागली; परंतु स्वरलेखनात एका गायकाने एका प्रसंगी केलेली निवड ही चालीचे कायमचे रूप बनते. पहिल्या परंपरेत सूर हरवतो, तर दुसरीत लवचीकता हरवते. दोन्ही परंपरांची साधने एकत्र ठेवल्याशिवाय, म्हणजे संहिता, ध्वनिमुद्रण, बोलीचे शब्दसूर आणि स्वरलेखन एकाच ओळीखाली मांडल्याशिवाय, या गीतांची समीक्षा पूर्ण होऊ शकत नाही.

आपल्याकडेही साने गुरुजींच्या ‘स्त्रीजीवन’पासून ओव्यांचे शब्दसंग्रह विपुल आहेत. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांच्या प्रकल्पात एक लाखाहून अधिक ओव्या नोंदविल्या गेल्या आणि त्यांतील अनेक ध्वनिमुद्रितही झाल्या. अभ्यासक्रमात मात्र अद्याप मुख्यतः छापील ओवीच शिकविली जाते. हाका गीतांचे उदाहरण या सवयीकडे पुन्हा पाहावयास लावते.

८. जतन कशाचे?

हा प्रश्न केवळ पद्धतिशास्त्राचा नाही. तैवानमध्ये १९४९ ते १९८७ या लष्करी कायद्याच्या काळात शाळा व सार्वजनिक जीवनात मँडरिनची सक्ती होती. २८ डिसेंबर १९८८ रोजी तैपेई येथे ‘आमची मातृभाषा परत द्या’ या मागणीसाठी हाकांचा मोर्चा निघाला. २००१ मध्ये हाका व्यवहारांसाठी स्वतंत्र शासकीय परिषद स्थापन झाली, २००३ मध्ये हाका दूरचित्रवाहिनी सुरू झाली आणि २०१८ च्या कायदादुरुस्तीने हाका भाषेस राष्ट्रीय भाषेचा दर्जा मिळाला. चीनमध्येही मेइचौचे हाका डोंगरगीत २००६ मध्ये राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या पहिल्या यादीत समाविष्ट झाले.

हे सर्व स्वागतार्ह आहे. परंतु यादीत नोंदले जाते ते गीत. आणि गीत टिकले म्हणजे गीत रचण्याची शक्ती टिकली असे होत नाही. मँडरिनमध्ये वाढलेला विद्यार्थी स्वरलेखन समोर ठेवून ‘लाओ शानगे’ निर्दोष गाऊ शकेल. मात्र त्यास एखादा नवा शब्द दिला तर त्या शब्दासाठी चाल कोठे वाकवावी, हे त्यास कळण्याचा आधार भाषेखेरीज दुसरा नाही. शब्दसूर कानात मुरलेला नसेल तर नवे शब्द रचता येणार नाहीत, आणि नवे शब्द रचता आले नाहीत तर सवाल-जबाब थांबेल. उरेल ते सादरीकरण. भाषा गेली तरी गाणी राहतील, असे समाधान आपण अनेकदा करून घेतो. सूरभाषेच्या बाबतीत ते समाधान पोकळ आहे.

म्हणून सान-कोच्या गुणवत्तेचा निकष आवाजाच्या गोडीवर किंवा स्वरलेखनाशी असलेल्या इमानावर थांबवून चालणार नाही. गायक अनोळखी शब्द त्या चालीत अर्थ न बिघडविता बसवू शकतो काय, हा त्या परंपरेचा स्वतःचा निकष आहे आणि समीक्षेनेही तोच स्वीकारणे योग्य ठरेल.

निष्कर्ष

१. हाका डोंगरगीतांत चालीचा सांगाडा शब्दपूर्व असतो; शब्दसूर त्या सांगाड्याचा तपशील ठरवितो. दोहोंपैकी कोणताही एक घटक सर्वस्वी प्रधान नाही.

२. ‘लाओ शानगे’तील तीन स्वरांची रचना, भरीची अक्षरे आणि सूरसंधीतील पर्याय ही शब्दसूर व चाल यांचा मेळ घालण्याची साधने आहेत.

३. श्लेषासारखे साहित्यगुण शब्दसूरावर अवलंबून असल्याने केवळ छापील संहितेवर आधारलेली समीक्षा अपुरी ठरते.

४. बोलीनिवडीचा पुरावा उपयुक्त असला तरी त्यामागील सामाजिक कारणे वगळून त्याचा अर्थ लावू नये.

५. गीताचे जतन आणि भाषेचे जतन या सूरभाषांच्या संदर्भात दोन स्वतंत्र योजना असू शकत नाहीत. लोकगीताच्या अध्यापनात ध्वनिमुद्रणास संहितेइतकेच स्थान देणे, ही या विवेचनातून निष्पन्न होणारी, आणि आपल्या वर्गखोल्यांतही अमलात आणता येण्याजोगी, किमान अपेक्षा आहे.